अमरावती ते अकोला, बत्तीस मिनिटं

माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं.

एवढं एक वाक्य मी दहा वर्षांत कुणापुढे उच्चारलेलं नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे नाही, घरात नाही, गावात तर नाहीच. आता लिहायला बसलोच आहे, तर क्रमाने लिहितो.

नागपूरच्या धम्मदीक्षेला दोन-अडीच वर्षं झाली होती. उन्हाळा तोंडावर आला होता. मी सिग्नल्सचा हवालदार. आमची एक लहान तुकडी अकोल्याला शिवणीच्या धावपट्टीवर होती. तोफखान्याचा सराव मेळघाटच्या पायथ्याशी चालू होता आणि त्याचा कॅम्प अमरावतीला. आमच्याकडे एकच विमान, एअर ओपीचं. एअर ओपी म्हणजे तोफखान्याचा डोळा. दोन माणसांचं, कापडी अंगाचं, तासाला नव्वद मैल जाणारं. ते रोज सकाळी अकोल्याहून अमरावतीला डाक घेऊन जायचं आणि दुपारनंतर परत यायचं.

अमरावतीला तेव्हा विमानतळ नव्हता. वलगावच्या रस्त्याला एका पडीत वावरात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, काठीवर वाऱ्याची पिशवी टांगली होती, तीच धावपट्टी. काळी जमीन. कोरडी असली की सिमेंटसारखी. पाण्याची एक सर पडली की चाकं घोट्याएवढी रुतायची. म्हणून हे काम पावसाळ्याआधी संपवायचं होतं.

नकाशावर पट्टी ठेवली तर दोन धावपट्ट्यांमध्ये सत्तेचाळीस मैल. बसला तीन तास लागायचे. विमानाला, उठणं-उतरणं धरून, बत्तीस मिनिटं. वारा असला तर दोन-चार इकडे तिकडे.

माझं काम असं. विमान दहा-पंधरा मैलांच्या आत आलं की सेटवर त्याच्याशी बोलायचं, आणि सुटल्याची-उतरल्याची वेळ रजिस्टरला घ्यायची. अमरावतीकडच्या वेळा चिठ्ठीवर लिहून डाकेच्या थैलीतून यायच्या. त्या मी समोरच्या रकान्यात उतरवायचो.

पायलट कॅप्टन सोधी. उंच, कमी बोलणारे, जवानाला कधी अरेतुरे न करणारे. त्यांच्या मागच्या सीटवर डाकेची थैली आणि वायरलेसचा एक माणूस बसायचा. तो माणूस लान्स नाईक दौलत तायडे. दौलत माझ्याच गावचा. दर्यापूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, पूर्णेच्या काठी आमचं गाव. माझ्या वडिलांकडे पाटीलकी. दौलतचं घर बौद्धपुऱ्यात. दीक्षा घेतल्यावर त्या लोकांनी गावातली मेलेली ढोरं ओढायची बंद केली, तेव्हा सगळ्यात आधी नाही म्हणणारे दौलतचे वडील होते. आमच्या घरात त्या गोष्टीचा राग वर्षभर चालला. मी सुट्टीवर जायचो तेव्हा तो राग मलाही वाढला जायचा, जेवणाबरोबर.

पलटणीत हे काही चालत नाही असं मी लोकांना सांगायचो. बोलायला चालत नाही, हे खरं. मनात चालतं.

दौलत विमानात बसायचा आणि मी खाली रजिस्टर घेऊन उभा राहायचो. हे मला खटकत होतं. कॅप्टनसाहेबांनी त्याची निवड केली होती कारण हलत्या सेटवर त्याच्याइतका स्वच्छ मेसेज कुणी घेत नसे, मीसुद्धा नाही. एकदा तो उतरला आणि हेल्मेट काढता काढता मला म्हणाला, "भाऊ, वरून आपलं गाव तळहाताएवढं दिसते. तुमचं घर कोन्तं न आमचं कोन्तं, वळखूच येत नाई."

बाकीचे हसले. मीही हसलो. ते वाक्य मी आठ दिवस चघळत होतो.

त्याच सुमाराला माझं सरकारी घड्याळ बंद पडलं. ते दुरुस्तीला गेलं आणि मी माझं स्वतःचं वापरायला लागलो. नियम असा की रोज सकाळी सहाला वरच्या कंट्रोलकडून टाइम सिग्नल घ्यायचा आणि त्यावर घड्याळ लावायचं. मी ते सोडलं. कारण धावपट्टीपासून मैलभरावर कापसाची सरकी काढायचं एक जिनिंग होतं आणि त्याचा भोंगा सकाळी सातला वाजायचा. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांचं घड्याळ म्हणजे जिनाचा भोंगा. दर्यापूरचा भोंगा झाला की तालुक्यातली घड्याळं लागायची, शाळा भरायची. मी शाळेत त्याच भोंग्यावर गेलो. तुकडीत पंजाब-मद्रासचे लोक होते, त्यांना मी ऐटीत सांगायचो की आमच्याकडे भोंगा चुकत नाही. भोंगा झाला, काटे सातवर आणले, दिवस सुरू.

आठवड्याभरात रजिस्टरमध्ये एक गोष्ट दिसायला लागली. दुपारचं विमान अमरावतीहून अकोल्याला यायला बेचाळीस मिनिटं घेत होतं. रोज. सकाळी हेच विमान अकोल्याहून अमरावतीला बावीस मिनिटांत पोचत होतं.

इथे कुठल्याही शाळकरी पोराने दोन्हींची बेरीज करून निम्मे केले असते. चौसष्टचे निम्मे बत्तीस. एक घड्याळ पुढे असलं की जाताना जेवढं कमी दिसतं तेवढंच येताना जास्त दिसतं. मी ती बेरीज केली नाही. मी उलट हिशेब मांडला: विमान बावीस मिनिटांत जाऊ शकतं हे सिद्ध आहे, मग येताना वीस मिनिटं कुठे जातात?

एकदा संशयाला जागा मिळाली की प्रत्येक गोष्ट त्यात बसते. दौलतच्या खांद्याला एक कापडी थैली असायची. सकाळी जाताना ती हलकी वाजायची, संध्याकाळी जड. बाटल्यांचा आवाज मला ओळखू येत होता. आपल्याकडे दारूबंदी, आणि अमरावतीच्या कॅम्पात कॅन्टीनची रम. मी त्याला हटकलं.

"थैलीत काय आहे?"

"घरचं सामान हाये, हवालदारसाहेब."

एरवी तो मला भाऊ म्हणायचा. त्या दिवशी हवालदारसाहेब म्हणाला. आमच्या घरातल्या माणसाने त्याच्या घरातल्या माणसाला असा प्रश्न पहिल्यांदा विचारला नव्हता, हे मला आज समजतं. त्या वेळी मला त्यात फक्त चोरी दिसली.

मग घरून पत्र आलं. धाकट्या भावाने लिहिलं होतं की विमान नदीवरून जातं, खाली येतं, आणि दौलत हात हलवतो असं लोक म्हणतात. लोक म्हणतात, एवढंच. माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. उन्हाळ्यात पूर्णेच्या पात्रात वाळू सपाट असते. विमान उतरतं, बाटल्या दिल्या जातात, विमान उठतं. वीस मिनिटं.

मी बारा दिवसांच्या वेळांचा तक्ता केला, सुवाच्य अक्षरात, आणि आमच्या कमांडर मेजरसाहेबांपुढे ठेवला. दारूचा शब्द काढला नाही. फक्त म्हणालो, "साहेब, ही तफावत आहे. कारण मला माहीत नाही."

मेजरसाहेबांनी कॅप्टनना बोलावलं. मी तंबूबाहेर होतो. कॅप्टनसाहेब शांतपणे म्हणत होते की त्यांच्या लॉगमध्ये दोन्ही बाजू बत्तीस मिनिटांच्या आहेत. मेजरसाहेब म्हणाले की पायलटचं लॉग पायलटच लिहितो; हे जमिनीवरचं रेकॉर्ड आहे. शेवटी हुकूम झाला: सरळ रेषेत यायचं, पस्तीस मिनिटांच्या आत. वर गेलं तर उड्डाण बंद आणि लेखी खुलासा. पुढच्या गुरुवारी मेजरसाहेब स्वतः अकोल्याच्या धावपट्टीवर थांबणार होते.

कॅप्टनसाहेब बाहेर आले आणि थेट माझ्यापुढे उभे राहिले.

"हवालदार, तुम्हारी घड़ी ठीक है?"

"जी साहब."

"रोज़ मिलाते हो?"

"जी साहब. सात बजे."

मी खोटं बोललो नव्हतो. सातला लावत होतोच. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "फिर मेरी ख़राब होगी," म्हणाले. बुधवारी त्यांनी आपलं मनगटी घड्याळ अमरावतीच्या एका घड्याळजीकडे तपासायला टाकलं. विमानातलं घड्याळ आधीपासूनच बंद होतं.

माझ्या शब्दावर त्यांनी स्वतःच्या घड्याळावर संशय घेतला. माझ्या नोकरीत अधिकाऱ्याने माझ्यावर एवढा विश्वास आधी टाकला नव्हता, नंतरही नाही.

बुधवारी संध्याकाळी विमान उतरल्यावर दौलत थैली घेऊन सायकलने निघाला. मी मागे गेलो. मला पुरावा हवा होता. जिनाच्या मागे मजुरांच्या खोल्यांची एक रांग होती. दौलत तिसऱ्या खोलीत शिरला, दहा मिनिटांत बाहेर आला आणि रिकाम्या बाटल्यांची थैली घेऊन गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी दारात उभा राहिलो.

आत त्याची बहीण शांता होती आणि खाटेवर त्याचे वडील. गावातला एवढा दांडगा माणूस, उशाला टेकून बसला होता आणि श्वास घेताना खांदे वर जात होते. शांताने मला ओळखलं. ती जिनात कापूस वेचायला होती. दम्यामुळे बापाला तिने गावाहून आणलं होतं.

कोपऱ्यात तीन बाटल्या होत्या. सरकारी दवाखान्याचं लाल मिक्श्चर. बाटली आपली घेऊन जायची, कंपाउंडर भरून देतो आणि डोसाच्या खुणांसाठी कात्रीने दात पाडलेली कागदी पट्टी चिकटवतो, हे सगळ्यांना माहीत आहे. या म्हाताऱ्याला अमरावतीच्या डॉक्टरचंच औषध लागू पडत होतं. कॅप्टनसाहेबांनी दौलतला रीतसर परवानगी दिली होती.

शांताने पाण्याचा गडवा पुढे केला. मी तहान नाही म्हणालो. मैलभर सायकल मारून आलो होतो.

म्हातारा म्हणाला, "पाटलाचा ना तू? बस."

मी बसलो नाही. काहीतरी बोलायचं म्हणून शांताला विचारलं की सातला कामावर जायचं तर बापाकडे कोण पाहतं. ती म्हणाली, "सातले नाई जी, भोंगा होते तवा निघतो. भोंगा दहा मिंटं आंधीच वाजवते. बायाले फाटकात याले येळ लागते म्हून. साताले तं मशीन सुरू."

"भोंगा सातला नाही वाजत?"

"नाई. इथं समद्याईले ठाव हाये. कावून?"

मी सायकलकडे वळलो.

परत येताना मी ती बेरीज केली. सायकलवर, दोन मिनिटांत झाली.

माझ्यापुढे एकच रस्ता होता. मेजरसाहेब गुरुवारी येणार होते, कॅप्टनसाहेब तर शेजारच्याच तंबूत होते. जाऊन सांगायचं, साहेब, चूक माझी. दंडावरची फीत गेली असती, कदाचित कोर्ट मार्शल. मी दुसरा रस्ता काढला. गुरुवारी सकाळी सहाला कंट्रोलचा टाइम सिग्नल घेतला आणि घड्याळ गुपचूप दहा मिनिटं मागे केलं. मनाशी म्हटलं, आजपासून वेळ बरोबर येईल, बत्तीस दिसतील, मेजरसाहेब समाधानाने जातील, प्रकरण आपोआप मिटेल. कुणाचं काही बिघडणार नाही.

सकाळी ०८१० ला विमान सुटलं. दौलतच्या थैलीत रिकाम्या बाटल्या वाजत होत्या. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी दोननंतर हवा बदलली. उकाडा आणि पूर्ण शांतता. तीनला पूर्वेच्या बाजूला आभाळ जांभळं झालं. फाल्गुनात अशा रंगाचं आभाळ म्हणजे गारपीट, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मेजरसाहेब धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला जीपमध्ये बसले होते. त्यांच्या हातात घड्याळ होतं. माझ्या कानाला हेडफोन.

१५४२ ला आवाज लागला. दौलतचा.

"अकोला, अकोला. टाइम चेक मांगते साहब."

"पंधरा बेचाळीस."

मग कॅप्टनसाहेब स्वतः बोलले. अमरावतीहून १५२० ला सुटले होते. मागे पाऊस सुरू झाला होता, म्हणजे वलगावची काळी पट्टी बंद. पुढे रेषेवर ढग. दक्षिणेकडून वळसा घालता येत होता, पण त्याला पंधरा मिनिटं जास्त, म्हणजे हुकमाच्या पस्तीसच्या वर.

मी म्हणालो, "रॉजर."

थोडा वेळ खरखर. मग त्यांचा आवाज, जरा हलका झालेला.

"हवालदार, आज तो तुम्हारी घड़ी से भी टाइम पर हूँ. सीधा आता हूँ."

मला सगळं कळलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच माझं घड्याळ आणि त्यांची वेळ जुळली होती, आणि ती जुळलेली वेळ त्यांना बिघडवायची नव्हती. बोट मायक्रोफोनच्या बटणावर होतं. "साहब, घूमकर आइए. घड़ी मेरी ग़लत थी." एवढंच म्हणायचं होतं. हिंदीतले सात शब्द, जास्त नाहीत. मी दूरवर जीपकडे पाहिलं.

मी म्हणालो, "रॉजर. आउट."

१५५२ झाले. १६०० झाले. मी दर दोन मिनिटांनी बोलावत राहिलो. १६०५ ला आमच्याकडे गारा सुरू झाल्या. तंबूवर ढोल वाजल्यासारखा आवाज होता, तरी मी हेडफोन काढला नाही.

आम्ही तिथे पोचलो १७२० ला. आठेक मैलांवर, गव्हाच्या कापलेल्या वावरात. काळ्या मातीवर गारांचा पांढरा थर आणि त्यात पंखांचं कापड चिंध्या झालेलं. गारांनी फाटलं होतं. दोघेही जागीच गेले होते. दौलतच्या मांडीखाली थैली होती. दोन बाटल्या फुटल्या होत्या. तिसरी शाबूत होती, पण तिच्यावरची पट्टी पावसाने सुटून त्याच्या बाहीला चिकटली होती. दात पाडलेला कागद, आठ डोस.

मागून कुणीतरी काचा पाहून हळूच म्हणालं, "रम असावी." मला वास येत होता. तो दवाखान्याचा वास होता. मी वाकलो आणि पट्टी काढून खिशात ठेवली.

इन्क्वायरीत मला एकच नेमका प्रश्न विचारला गेला. अपघाताच्या दिवशी तुमचं घड्याळ बरोबर होतं का? मी म्हणालो, होय साहेब. ते खरं होतं. त्या दिवशी बरोबर होतं. आधीच्या तीन आठवड्यांबद्दल कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. निष्कर्ष निघाला: खराब हवामान दिसत असताना पायलटने मार्ग बदलला नाही. चूक पायलटची.

महिन्याभराने कॅप्टनसाहेबांचं सामान घरी पाठवताना त्यांचं घड्याळ घड्याळजीकडून आणायला मलाच अमरावतीला धाडलं. घड्याळाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. "तपासले. दोष नाही. वेळ बरोबर देते." घड्याळ मी जमा केलं. चिठ्ठी ठेवून घेतली.

त्यानंतर मी दहा वर्षं नोकरी केली. पासष्टच्या युद्धात आघाडीवर होतो. लोक माझ्या शिस्तीचं कौतुक करायचे. रोज सहाला टाइम सिग्नल घेतल्याशिवाय मी चहा पीत नसे, आणि माझ्या हाताखालच्या पोरांना ते फार कडक वाटायचं. नायब सुभेदार होऊन गावी आलो.

गावात अजून म्हणतात की तायड्याचा दौलत विमानातून दारू नेताना मेला. चावडीवर म्हणतात, माझ्या देखत म्हणतात, आणि माझ्याकडे पाहतात, कारण मी त्या तुकडीत होतो. मी विषय बदलतो. दौलतचे वडील त्याच्यामागे दोन पावसाळे जगले. औषध नंतर कोण आणत होतं मला माहीत नाही. शांता अकोल्यालाच आहे, अजून जिनात जाते. मी दोनदा त्या खोल्यांपर्यंत गेलो आणि वळणावरून परत आलो.

कॅप्टन सोधी. लान्स नाईक दौलत तायडे. सत्तेचाळीस मैल, बत्तीस मिनिटं. ते रोज वेळेवर आले.

माझ्याकडून राहिलंय ते असं. घड्याळजीची चिठ्ठी माझ्या सहीच्या जबाबासह पलटणीकडे आणि कॅप्टनसाहेबांच्या पत्नीकडे जायची आहे. चावडीवर उभं राहून थैलीत काय होतं ते सांगायचं आहे. आणि शांताच्या दारात जाऊन ती कागदाची पट्टी तिच्या हातात द्यायची आहे, आणि माझं घड्याळ पुढे आहे हे तिच्या बोलण्यावरून आदल्या संध्याकाळीच मला कळलं होतं, हेही सांगायचं आहे. यांतलं एकही मी अजून केलेलं नाही.